चाळीस गाठींची राखण

दोन शुक्रवार रिचेलची चाचणी अर्ध्यात बुडाली होती. आज तिसरा, आणि शेवटचा.

कंपनीचं म्हणणं सरळ होतं. लिहिलेल्या कोडातून पुरं ॲप उभं करायचं, म्हणजे बिल्ड, ते तिने स्वतःच्या रनरवर तडीस नेऊन दाखवायचं. रनर म्हणजे हुकूम मिळाला की काम उचलणारा गडी. तो तिने क्लाउडमधल्या आपल्या मशीनवर बसवला होता. बाराच्या आत बिल्ड पुरं झालं तर काम पाचूबंदरच्या घरातून. नाही झालं तर सोमवारपासून पुण्याला. मग बोटीवरची मासळी उतरवायला मम्मीच्या जोडीला कोण?

सकाळी दहाला बिल्ड सुरू करून ती मागच्या नोंदी वाचत बसली. चूक कुठेच सापडेना. रनर नुसता मुका झाला होता, दोन्ही वेळेला.

"दोन्ही शुक्रवारी बोट आलेली, बाय," खिडकीपाशी जाळं सांधत पप्पा म्हणाले. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पास्कल सहा आठवडे त्या खुर्चीतच होते. "तू बंदरावर पळालीस."

रिचेलचा हात थबकला. त्या मशीनच्या माहितीची पानं उलगडून तिने शोधलं, आणि सापडलं. अर्धा तास कुणी हात लावला नाही की क्लाउडमधलं मशीन झोपी जातं. ते झोपलं की आतला रनरही.

तिने पुण्याला क्षितिजाला फोन लावला. क्षितिजा तिची वरिष्ठ.

"अगं, ती सेटिंग माझ्याकडे आहे, पण मी गाडीत आहे. दुपारी बदलते. तोवर जागं ठेव त्याला, चालेल मला."

फोन ठेवते तोच दारात तिची मम्मी लिली उभी, डोक्यावर टोपली. "चल गं, बोट लागली. लिलाव कोनासाठी थांबत नाय."

रिचेल एकदा लॅपटॉपच्या पडद्याकडे बघे, एकदा मम्मीकडे.

"मी हाय ना," पप्पा म्हणाले. "काय दाबायचं ते दाखव."

"तुमच्या भरवशावर?" लिली हसली. "जेवनाआधी घोरता, जेवनानंतर घोरता."

"हे एंटर," रिचेलने बोट ठेवून दाखवलं. "दर वीस मिनिटांनी एकदा."

"घड्याळ कोन बघत बसतो. चाळीस गाठी म्हंजे वीस मिंटं. चाळीस झाल्या की एक टिचकी."

बंदरावर वारा खारा, पाणी चमचम, बर्फात पापलेटांचे डोळे उघडे. रिचेल टोपल्या उचलत होती, आणि मनात गाठी मोजत होती. अडतीस, एकोणचाळीस. पप्पांचा डोळा लागला असेल का? लिलाव संपेतो साडेअकरा वाजले. ती जवळजवळ पळतच आळीत शिरली.

दारातून पहिलं दिसलं ते जाळं. जमिनीवर पडलेलं. सुई रिकामी.

"पप्पा?"

"धागा संपला गं," खुर्चीतून आवाज आला. "मग मोजू काय? म्हनून गात बसलो. पाच गानी, एक टिचकी."

आणि त्यांनी पुन्हा सुरू केलं, डोळे पडद्यावर ठेवून:

"होडी आली बंदराला, हात लागू दे दोराला,
हात लागता जाग येते निजलेल्या सागराला."

"आळीभर ऐकू येतंय," मागून येत लिली म्हणाली. "शेजारची जीना विचारत होती, कोनाचं लगीन हाय."

रिचेल लॅपटॉपपुढे वाकली. पडद्यावर एक ओळ पुढे, मग दुसरी, मग सगळ्याच ओळींच्या टोकाला हिरवी खूण. अकरा बेचाळीस. तिने अहवाल पाठवला आणि भिंतीला पाठ टेकून तिथेच खाली बसली. हातांना मासळीचा वास, मांडीवर खवले.

फोन थरथरला. क्षितिजाचे चार शब्द: सोमवारपासून घरूनच काम कर.

रिचेलने ते मोठ्याने वाचलं. लिलीने टोपली खाली ठेवली, पदराने कपाळ पुसलं, आणि चहाचं आधण चढवलं.

पप्पांचं बोट सवयीने पुन्हा एंटरकडे गेलं.

"आता नको, पप्पा. झोपू दे त्याला."

"झोपू दे तर," ते म्हणाले, आणि पाय लांब केला. चहा उकळेपर्यंत ते घोरत होते.