वाकायचं कोणी

बुटांच्या त्या दुकानात गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने बूट घालायचे नाहीत, असा मालकांचा नेम होता. गिऱ्हाइकाने बाकावर टेकायचं, समोरच्या बुटक्या चौकीवर पाय ठेवायचा. पुढचं सगळं कामावरच्या मुलींनी गुडघे टेकून करायचं. या नेमापायी दुकानाचं नाव झालं होतं आणि मुलींचे गुडघे कामातून गेले होते.

त्यांतल्या धाकटीला सातवा लागला होता. पाय सुजून टम्म झाले होते. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब मोजला, भुवया चढवल्या आणि चिठ्ठी लिहिली: वाकू नये, शिडीवर चढू नये, दर दोन तासांनी पाय वर घेऊन वीस मिनिटं बसावं, पाणी भरपूर प्यावं. वर बजावलं, "सोमवारी आकडा याच्या पुढे गेला तर थेट भरती करून घेईन. बाळालाही धोका आहे आणि तुलाही. ऐकतेयस ना?"

धाकटी ऐकतच होती. ऐकायचं मालकांनी होतं.

मालकांनी चष्मा सावरत चिठ्ठी मोठ्याने वाचली आणि त्यांचा कंठ दाटून आला. स्वतःच्या चांगुलपणाने त्यांचा कंठ नेहमीच लवकर दाटायचा. "अगं, हे तर सगळ्यांनी वाचायला हवं!" म्हणत ते बाहेर पडले, आणि तासाभरात चिठ्ठीतला मजकूर ठळक अक्षरांत छापून, वर प्लास्टिक चढवून घेऊन आले. खाली पदरची एक ओळ होती: 'आम्ही मातेची काळजी घेतो.'

"त्या वरच्या फळीपाशी लाव बरं," ते धाकटीला म्हणाले. "शिडी तिथंच आहे बघ."

"मालक, शिडीवर…"

"दोनच पायऱ्या गं! तिसरीवर कशाला जातेस?"

गल्ल्यावरची थोरली उठली, शिडीवर चढली आणि तिने पाटी लावली. उतरताना विचारलं, "आणि हिनं बसायचं कधी, मालक?"

"बस की! कोण नको म्हणतंय? गिऱ्हाईक नसलं की खुशाल बसावं."

दुकान कधी रिकामं राहिल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. देवाची कृपा, असं मालक म्हणायचे.

शनिवारी दुपारी एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. बाकावर बसल्या, पाटी वरपासून खालपर्यंत वाचली आणि प्रसन्न झाल्या.

"वा! असं हवं. माझ्या सुनेला मी पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही." त्यांनी उजवा पाय चौकीवर ठेवला. "तुम्ही मुली ना, जिवाला जपतच नाही. वाकू नकोस हं अजिबात. तो पट्टा जरा आवळ."

धाकटी वाकली.

"मीठ कमी केलंस का? हा टोचतोय गं, वरचा नंबर आण. रोज थोडं चालायचं, पण दमायचं नाही. छे, तपकिरी नको, काळा दाखव. दुपारची झोप घेतेस ना?"

पाचव्या जोडाला पट्ट्याचं भोकच दिसेना. डोळ्यांपुढे काजवे चमकले. धाकटीने बाकाची कड घट्ट धरली. मनात आलं, सोमवारी ते रक्तदाबाचं यंत्र काही विचारणार नाही, समोर गिऱ्हाईक होतं का म्हणून. ती उठली, बाईंच्या शेजारी बाकावर बसली आणि चौकी ओढून तिने आपले दोन्ही पाय वर ठेवले.

"हे गं काय?"

"बसले, बाई. तुम्हीच म्हणालात ना, अजिबात वाकायचं नाही." आवाज अगदी मऊ होता.

"अगं, पण माझा पट्टा?"

"तो राहिलाय खरा."

मालक धावतच आले. "ऊठ, ऊठ आधी! हे दुकान आहे, दवाखाना नव्हे!"

पलीकडच्या बाकावरच्या एका आजींनी पाटीकडे पाहिलं, मालकांकडे पाहिलं आणि सावकाश वाचलं, "आम्ही मातेची काळजी घेतो." मग विचारलं, "घेता ना?"

दुकानातल्या सगळ्या माना वळल्या. मुख्याध्यापिकाबाईंना आता आपलेच शब्द गिळता येईनात. "बसू द्या हो तिला," त्या फणकारल्या. "पण माझ्या पायाचं कुणीतरी बघा!"

मालकांनी वीस वर्षं बूट विकले होते. गिऱ्हाइकाचा पाय इतक्या खालून कधी पाहिला नव्हता. ते वाकू लागले तसं पोट आडवं आलं. पाहणाऱ्याला त्यांनाही सातवाच वाटला असता. चिठ्ठी तेवढी कुणी दिली नव्हती.

"आधी गुडघा टेका, मालक, मग कंबर," धाकटीने आपुलकीने सांगितलं. "आणि श्वास धरून ठेवू नका."

पट्टा लागेपर्यंत मालक घामाने न्हाऊन निघाले. हुश्श करून उठणार, तोच पलीकडून आजींचा जाडजूड पाय पुढे आला.

"झालं असेल तर इकडे या. सात नंबर, काळे."

मालकांनी आशेने थोरलीकडे पाहिलं. ती एका पिशवीला गाठ मारण्यात भलतीच गुंग झाली होती. शेवटी मालक गुडघ्यांवरच सरकत आजींपाशी गेले.

धाकटीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अजून सोळा मिनिटं होती. तिने पाण्याची बाटली उघडली.