चतुर्थीला खोदायची माती

मी एक जुना फावडा आहे. मित्रांनो, उंद्रीच्या या गोठ्यात कडब्याच्या पेंढ्यांमागे मी उभा असतो. पातं गंजलंय, एक कोपरा झिजून गेलाय. तुम्ही म्हणाल, फावड्यानं काय केलं असेल, वावरात पाणी वळवलं असेल, शेण ओढलं असेल. तसं नाही. मी आखाड्याच्या मातीचा. आणि मला अजून दोन थापा ऐकू येतात, म्हणून बोलतो.

चिखलीच्या लोहारानं बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावेतून माझं पातं ठोकलं. तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चालत असे. रहेमतुल्ला वस्तादांनी मला खांद्यावर टाकून उंद्रीला आणलं. पोरांनी मारुतीपुढं ठेवून कुंकू लावलं, वस्तादांनी बिस्मिल्ला म्हणून पहिला घाव घातला. आखाड्यात टिनाच्या छपराखाली चौकोनी हौद, म्हणजे कुस्तीचा खड्डा होता. त्यातल्या मातीत तेल, ताक, हळद मुरवलेली असे. मी ती वरखाली करायची, की माणूस पडला तरी मातीनं त्याला झेलावं. देवापुढच्या समईत रोज तेल घालतात ना, तसंच हे काम. एक दिवसही चुकवायचं नाही.

वस्ताद डाव थोडे शिकवत आणि रीत फार. नखं कापून या. रागात असाल तर आज नुसता बसून पाहा. नव्या पोराला ते आधी खाली निजवत आणि हलक्या गड्याला त्याच्यावर बसवत.

"खालून निंघाले शिक बे आधी. वर बसनं तं कोनालेई येते."

"वस्ताद, दम लागून राह्यला."

"तोंड मिट. नाकानं घे. आन् जोर नोको लावू, वजन ठेव. जोर संपते, वजन संपत नाई."

एकच डाव रोज शंभर वेळा, दोन्ही अंगांनी. आणि सगळ्यांत मोठी रीत थापेची. हात पिळला गेला, मान अडकली, की मातीवर दोन थापा द्यायच्या. थाप ऐकली की वरच्यानं तिथंच सोडायचं. 'अजून जरासं' नाही. वस्ताद म्हणत, "थाप देनारा हारत नाई, उद्या पुन्हा येते."

झुंबरबाईचा महादेव त्यांचा सगळ्यांत गुणी चेला. झुंबरबाई विधवा, व्रतस्थ बाई. दर शनिवारी मारुतीला दिवा लावायला येई आणि दारातूनच परत जाई, कारण हौदात बाईमाणसानं पाय ठेवायचा नाही अशी चाल होती. महादेव दोन जत्रांतल्या कुस्त्या मारून आला आणि त्याचा हात माझ्या दांड्यावरून सुटला. खोदायची पाळी ज्याची त्याची असे. श्रावणातल्या त्या आठवड्याची पाळी त्याची होती.

"महादेवा, माती दबली रे," वस्ताद म्हणाले.

"खोदतो ना. काऊन घाई करता?"

चार दिवस गेले. नागपंचमीच्या आदला, चतुर्थीचा दिवसही गेला. पंचमीला याच हौदात गावच्या कुस्त्या, म्हणून त्यानं सकाळी मला उचललं. तोच झुंबरबाईनं येऊन दांडा धरला. चतुर्थीच्या उपासानं तिचा आवाज बारीक झाला होता.

"आज जमिनीले लोखंड नाई लावत, बापू. नागाचा दिवस हाय."

मित्रांनो, तुम्हाला ठाऊकच आहे, नागपंचमीला कोणी नांगरत नाही, खणत नाही. त्यानं मला भिंतीला टेकवलं. आईचं ऐकलं. त्याची चूक कालची होती, पण ती कळली आज.

वस्तादांनी मातीवर टाच आपटून पाहिली. टाच वाजली.

"आज उचलून पाडापाडी नाई. बसून खेळा, नाई तं कुस्त्या बंद."

"वस्ताद, चार गावचे लोक आले. म्हनतीन, उंद्रीचा गडी मातीले भ्येला."

"मातीले भ्यालेच पाह्यजे बे."

महादेव हसला. हलगी सुरू झाली होती. समोर मेहकरकडचा रंगराव उभा, अंगानं दांडगा, मनानं सरळ. थोडा वेळ दोघं बसून खेळले. मग लोक ओरडू लागले आणि महादेवानंच उभं राहून टांग घातली. रंगरावानं सवयीनं त्याला उचललं. जसं रोज उचलतात, तसंच.

पडल्याचा आवाज मी ऐकला. मऊ मातीत माणूस पडला तर असा आवाज येत नाही.

रंगराव लगेच बाजूला झाला. महादेवाची मान वाकडी होती. त्याचा डावा तळहात हळूच उठला आणि मातीवर पडला. पुन्हा उठला, पुन्हा पडला. दोन थापा.

"म्या सोडलं ना त्याले," रंगराव लहान पोरासारखा सगळ्यांना सांगत होता. "वस्ताद, म्या केव्हाचं सोडलं."

मग ती थाप कोणाला होती? अकराव्या दिवशी महादेव गेला. आणि तेव्हापासून, आखाड्यात कोणी नसलं तरी, हौदातून मला दोन थापा ऐकू येऊ लागल्या. सोड, सोड. वस्तादही कधी कधी बोलता बोलता थांबत आणि मातीकडं पाहत. आम्ही दोघंच ते जाणत होतो, असं मला वाटे.

पुढल्या वर्षी चतुर्थीला दुपारी झुंबरबाई आली. दारात थांबली नाही. हौदाच्या काठावर येऊन उभी राहिली.

"वस्तादभाऊ, पाळी राह्यली हाय."

"कोनाची, बाई?"

"महादेवाची. आन् मले वाटते, माहीही. पंचमीच्या सकाळी दांडा मीच धरला होता."

"तुमी व्रत पाळलं, बाई. तुमचा काय दोष?"

"व्रत पंचमीचं होतं. चतुर्थीले त्याले उठवाचं काम कोनाचं होतं?"

वस्तादांनी मला पदरानं पुसावं तसं उपरण्यानं पुसलं आणि तिच्या हातात दिलं. ती हौदात उतरली. उपाशी पोटी तिनं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत माती उलटली. जिथं तो पडला होता तिथं घाव घातला तेव्हा दांड्यातून मला ती थाप लागली. तिलाही लागली असावी, कारण ती थांबली. मग हळू आवाजात म्हणाली, "सोडलं रे बापू," आणि पुन्हा खोदू लागली. थाप निवली.

एकोणीस वर्षं ती श्रावणातल्या दर चतुर्थीला आली. त्या मातीत पुन्हा कोणाचं हाड मोडलं नाही.

मग वस्ताद गेले, झुंबरबाई गेली, पोरं पांगली. आखाडा ओस पडला आणि हौदावर हा गोठा उभा राहिला. गुरांच्या खुरांनी माती पुन्हा टणक झालीय. श्रावण आला की मला ऐकू येतं. दोन थापा. थाप ऐकली की सोडायचं असतं, आणि मला तर हात नाहीत.

मित्रांनो, तुम्ही कुठंही खेळा, आधी पायाखालची माती पाहा. थाप लवकर द्या, आणि दुसऱ्याची ऐकली की त्याच क्षणी सोडा. आपली पाळी उद्यावर टाकू नका. आणि कधी उंद्रीला आलात, तर पेंढ्या बाजूला सारून मला घ्या, इथं चार घाव घाला.

पण चतुर्थीला या. पंचमीला मला हात लावू नका. झुंबरबाईचं व्रत आहे.