वस्तादांचा मुतखडा

दर सोमवारी आणि गुरुवारी आप्पासो मोहिते कडेगावहून साताऱ्याला जात, आणि गावात सांगून जात की जमिनीच्या मोजणीचं काम आहे. मोजणीचं काम माणसाच्या हयातीत संपत नाही हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे कुणी खोलात शिरत नसे.

कराडला एसटी बदलून ते साताऱ्यात उतरत, फिजिओथेरपीच्या एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत जात आणि झाडूची काठी पाठीला लावून वाकत. काठी डोक्याला, पाठीला आणि माकडहाडाला, अशी तिन्ही ठिकाणी टेकली पाहिजे. पाऊण तास वाकायचं, उठायचं आणि परत एसटी धरायची. झाडू कडेगावातही मिळतो, पण कडेगावात आप्पासो वस्ताद होते. बाजारपेठेमागं त्यांची जिम होती. तिच्या दारावर दोनशे वीस किलो उचलताना डोळे वटारलेला त्यांचा फ्लेक्स होता आणि खाली त्यांचंच वाक्य होतं: 'दुखणं डोक्यात असतं.'

सहा महिन्यांपूर्वी दुखणं मणक्यात निघालं. सांगलीच्या डॉक्टरांनी चार स्क्रू आणि दोन सळया घालून दोन मणके कायमचे जोडून टाकले. हा फ्लेक्सचा अपमान होता. म्हणून गावात सांगितलं, मुतखडा. मुतखडा दांडग्यालाही होतो, मरतुकड्यालाही होतो; त्यात कुणाच्या ताकदीची अब्रू जात नाही.

मात्र आपल्याकडं मुतखडा झालेल्या माणसाला लोक एकटं सोडत नाहीत, हे त्यांच्या हिशेबात आलं नव्हतं. पानफुटीची पानं आली. अकरा घरांतून हुलग्याचं कढण आलं. जिममध्ये येणाऱ्या गुंडा नावाच्या गड्याची आई साळूबाई तर दीड महिना रोज तांब्याभर पाठवत राहिली. आप्पासो पलंगावर सरळसोट पडून नळीनं ते प्यायचे.

"गिळा आता," बायको संयोगिता म्हणायची. खरं काय ते तिला एकटीलाच माहीत होतं. "बिचारी म्हातारी पहाटे उठून हुलगे शिजवती, तुमच्या नसलेल्या खड्यासाठी."

हे सगळं एक वेळ खपून गेलं असतं. आप्पासोंना झोप लागेना ती गुंडामुळं.

गुंडा चौतिशीचा, ऊस करणारा, बैलासारखा आडवा गडी. तीन आठवड्यांपूर्वी तो जिममध्ये म्हणाला, "वस्ताद, कमरेतनं कळ निगती आन् डावा पाय बधिर पडतोय. काय करू?"

भोवती आठ-दहा जण उभे होते. आप्पासो खुर्चीत बसले होते, बनियनखाली कमरपट्टा आवळून. काय करावं ते त्या आठ-दहा जणांत फक्त त्यांनाच माहीत होतं. ते म्हणाले, "दुखणं डोक्यात असतं रं गुंड्या. चढव प्लेट."

सगळे हसले. गुंडाही हसला, आणि त्यानं प्लेट चढवली.

आता या गुरुवारी साताऱ्यात फिजिओ स्वप्नालीनं त्यांच्या हातातली काठी काढून घेतली आणि वीस किलोचा नुसता रॉड पुढं ठेवला. "काका, आज हा. गुडघ्याएवढ्या उंचीवरून. पाच वेळा."

आप्पासोंनी पाच वेळा उचलला. दोनशे वीस किलोला फुटला नव्हता एवढा घाम त्या वीस किलोला फुटला. बाकावर टेकून त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आमच्या एका पाहुण्याच्या पायातली चप्पल निसटती. मागं राहती, तरी त्याला कळत नाही. काल बघितलं मी. ते काय असतं?"

"तुमचंही असंच झालं होतं ना? फाइलमध्ये आहे की." ती हसली नाही. "त्यांना आजच्या आज डॉक्टरांकडं न्या. वजन वगैरे उचलत नाहीत ना ते?"

आप्पासोंनी बूट बांधायला घेतले. त्यांना अजून वाकून बूट बांधायची परवानगी नव्हती, याची आठवण तिनंच करून दिली.

संध्याकाळी ते थेट जिममध्ये गेले. गुंडानं रॉडवर दीडशे किलो लावले होते.

"ठेव ते. आजपासून तुझं वजन बंद."

"का वं वस्ताद?"

"पाय बघ तुझा. डॉक्टरकडं जायचं."

"तुमीच म्हनला की, डोक्यात असतंय."

नानासो म्हणून एक मास्तर कोपऱ्यात टेपनं आपले दंड मोजत होते, ते म्हणाले, "गुंडा दोनशेवीसच्या जवळ चाललाय. वस्तादांस्नी काळजी वाटणारच." पुन्हा सगळे हसले. गुंडा खाली वाकला आणि त्यानं रॉडला हात घातला.

आप्पासोंना दुसरं काही सुचलं नाही. त्यांनी पाठ फिरवली, सदरा वर केला आणि पट्टा सोडला. कमरेवर वीतभर लांब, मधोमध, टाक्यांच्या खुणांची उभी रेघ होती.



"मुतखडा पाठीतनं काढला व्हय?" गुंडानं अगदी मनापासून विचारलं.

"मुतखडा नव्हता रं. मणका. तुझ्यासारखाच पाय गेला हुता. आज साताऱ्याला मोकळा रॉड उचलून आलोय, मोजणी-बिजणी काय न्हाई."

कुणीतरी हसेल म्हणून आप्पासो थांबले. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. नानासो मास्तर आपल्या हाताच्या तळव्यांकडं बघायला लागले.

"म्हंजी मी इचारलं तवा तुमास्नी ठावं हुतं?" गुंडा म्हणाला.

"व्हय."

गुंडानं रॉड सोडला.  आईच्या कढणाचं नाव मात्र त्यानं काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं सांगलीला त्याच डॉक्टरांकडं गेले. डॉक्टरांनी एमआरआय उजेडाला धरला, गुंडाला टेबलावर झोपवलं आणि विचारलं, "किती दिवस झाले?"

"तीन आठवडे."

"आणि एवढे दिवस कुणाला सांगितलं नाहीत?"

गुंडानं छताकडं बघितलं. "न्हाई जी. माझंच चुकलं. लाज वाटत हुती सांगायला."

आप्पासो भिंतीला टेकून उभे होते. गप्प राहिलं असतं तर भागत होतं. गुंडानं त्यांना तेवढी वाट करून दिली होती. ही वाट आपल्याला कुणीतरी करून देतंय, आणि तोही गुंडा, याचीच त्यांना कालच्यापेक्षा जास्त लाज वाटली.

"मला सांगितलं होतं यानं, डॉक्टर," ते म्हणाले. "पहिल्याच दिवशी. मी म्हणालो, वजन वाढव."

डॉक्टरांनी त्यांच्याकडं बघितलं, ओळखलं आणि लिहून घेतलं. मग त्यांनी गुंडाच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर आपलं एक बोट ठेवलं. "हा वर उचला."

गुंडानं दात आवळले. मानेच्या शिरा तटतटल्या, कपाळ लाल झालं, टेबलाची कड त्यानं दोन्ही हातांनी धरली. दीडशे किलोला लावत असे तेवढा जोर त्यानं लावला.

अंगठा हलला नाही.

"लाव..." आप्पासोंच्या तोंडून सवयीनं निघालं, आणि त्यांनी पुढचा शब्द गिळला.

"पुन्हा," डॉक्टर म्हणाले.