पहिली गाठ

"मावशी, मणी आहेत ते, वाटाणे नव्हेत. किती निवडत बसशील?"

हाफियाने मान वर केली नाही. पांढऱ्या फडक्यावर पोतीचे काचमणी पसरले होते. लाल, काळे, हिरवे, चिमूटभर पिवळे. त्यांतले जाडे, एका अंगाने फुगलेले मणी ती सुईच्या टोकाने कडेला सारत होती. एरवी हे काम ती आदल्या दिवशीच उरकून ठेवायची. आज मुद्दाम ठेवलं नव्हतं.

"एक जाडा मणी आला की अख्खी ओळ तिरकी जाते," ती म्हणाली.

"जाऊ दे की. जावयाचं नाकही तिरकंच आहे, जोडी जमेल."

हाफियाला हसू आलं, आणि हसू आलं याचा रागही आला. वासिलिना समोर बसली होती, हातांना अजून गोठ्याचा वास. बारा दिवसांवर तिच्या लेकीचं, ओरिस्याचं लग्न होतं. ओरिस्याला न्हाऊ घालण्यापासून पहिली सुई धरायला शिकवण्यापर्यंत सगळं हाफियाने केलेलं. वासिलिनाने पुरचुंडी सोडून टेबलावर ओतली. तिच्या आजीच्या माळेतली पोवळी आणि अकीकाचे अकरा खडे. एकही धड गोल नाही. प्रत्येकाचं भोक कुणीतरी कधीकाळी हाताने पाडलेलं, जरासं चुकलेलं.

"हे मधे घाल. छातीवर येतील असे."

"कुठे घालायचे ते मला नको शिकवू."

"नाही शिकवत. दोऱ्याला मेण लाव फक्त."

मेण लावलं की प्रश्न येणार होता.

आमच्या या डोंगरपट्ट्यात नवरीच्या गळ्यातल्या गेर्दानाची, म्हणजे मण्यांच्या रुंद हाराची, पहिली गाठ नवरा हयात असलेल्या बाईनेच मारायची. दोऱ्याला मेण लावून झालं की नवरीची आई विचारते, "तुझा माणूस बरा आहे ना?" ओवणारी म्हणते, "बरा आहे, देवाची कृपा." मग गाठ. मग पुढचं सगळं.

हाफियाने हे उत्तर सतरा वर्षं दिलं होतं. तिचा प्रोकिप बांधकामावर म्हणून पोर्तुगालला गेला. पहिली चार वर्षं खोकी येत होती, कॉफी, साबण, ऑलिव्ह तेलाचे डबे. नंतर समुद्राचं चित्र असलेलं एक कार्ड आलं. नंतर तेही नाही. "बरा आहे" हे खोटं नव्हतं; खरं आहे की नाही ते तिला ठाऊक नव्हतं, एवढंच. गावानेही खोलात जाऊन विचारलं नाही. दाराशेजारच्या खुंटीवर त्याची टोपी होती, येणारी बाई तिच्याकडे एक नजर टाकायची आणि निश्चिंत व्हायची. नवऱ्याचा हाफियाला एवढा एकच उपयोग उरला होता, आणि तो त्याने युरोपच्या पार दुसऱ्या टोकाला बसून, बोटही न हलवता करून दिला होता.

तीन आठवड्यांपूर्वी फोन आला. त्याच्याबरोबर काम करणारा कुणी स्तेफान. "काकी, प्रोकिपकाका गेले. हृदय बंद पडलं. इथेच पुरलं आम्ही."  हाफियाने विचारलं, तिकडे पाऊस आहे का. होता.

तिने कुणाला सांगितलं नाही. रडलीही नाही फारशी. रडायचं होतं ते सात-आठ वर्षांपूर्वी हप्त्याहप्त्याने रडून झालं होतं. झोप उडाली ती ओदोकियामुळे.

ओदोकियाने तिला ओवायला शिकवलं होतं. तिच्यासारखी बोटं पुन्हा या खोऱ्यात झाली नाहीत. अंधारातही ती लाल मणी आणि काळा मणी जिभेवर ठेवून ओळखते, असं पोरं म्हणायची. तिचा नवरा लाकडं तोडताना झाडाखाली सापडून गेला. त्यानंतरच्या पहिल्याच लग्नात नवरीच्या आईने तिला प्रश्न विचारला. सगळ्या गावाने प्रेत पाहिलेलं, तरी विचारला. रीत म्हणजे रीत. ओदोकिया म्हणाली, "नाही." सुई खाली ठेवली. मग सगळ्या बायका शेजारी बसलेल्या हाफियाकडे वळल्या. तेव्हा हाफियाने म्हणायला हवं होतं, की गाठ मी मारते, ओवू दे तिलाच. पण तिने नुसती सुई उचलली. ऊब होती सुईला अजून.

"मावशी. मेण लागलं, पुरे."

खरंच पुरे झालं होतं. दोरा काडीसारखा ताठ झाला होता. वासिलिनाने डोक्यावरचा रुमाल नीट केला, पाठ सरळ केली आणि शाळेत कविता म्हणावी तशा आवाजात विचारलं, "तुझा माणूस बरा आहे ना?"

हाफियाने खुंटीकडे पाहिलं.

"पुरलं त्याला. तीन आठवडे झाले."

 वासिलिनाच्या चेहऱ्यावर एकामागून एक काय काय येऊन गेलं. "अरे देवा," ती म्हणाली. मग डोळे बारीक करून, "मधल्या दिवसांत आणखी कुणाची गाठ मारलीस?"

"कुणाची नाही. तू पहिली."

वासिलिना उठली, दारापर्यंत गेली, बाहेर कुणी नाही ना पाहिलं, दार लावलं आणि परत येऊन बसली.

"मला ऐकू कमी येतं हल्ली," ती म्हणाली. "पुन्हा विचारते. नीट उत्तर दे. शरदात तीन लग्नं आहेत, मावशी. तुझ्याशिवाय कोण आहे इथे? बाजारातली प्लास्टिकची माळ घालू का पोरीच्या गळ्यात? तुझा माणूस बरा आहे ना?"

एवढं सोपं होतं. मागणारीच झोळी धरून उभी होती. हाफियाने 'ब' पुरते ओठ मिटलेसुद्धा. आणि ते उघडेचनात.

तिने सुई वासिलिनापुढे सरकवली.

"तुझा आहे ना बरा? मार तू."

"माझा?" वासिलिना फिस्सकन हसली आणि लगेच डोळे पुसू लागली. "माझा जिवंत आहे. तेवढंच त्याचं कर्तृत्व."

"तेवढंच लागतं. मार."

वासिलिनाने दोरा धरला. दूध काढणारी बोटं ती. एकदा निसटला, दोनदा निसटला. तिसऱ्यांदा तिने पहिल्या मण्याभोवती असला काही गुंता केला की हाफियाला राहवेना.

"गाईला दावं बांधतेयस का?"

"गाय कधी सुटली नाही माझी," वासिलिना म्हणाली. "बाकीचं मीच ओवलं म्हणून सांगेन सगळ्यांना. शप्पथ."

"तू? कोण विश्वास ठेवील? आणि खोटं नको. गाठ तुझी, ओवलं हाफियाने. असंच सांग. पुढच्यांना काय करायचं ते त्या ठरवतील."

बारा दिवस तिने ओवलं. अकीकाची चुकलेली भोकं तिने अशी फिरवून घेतली की खडे एका रेषेत लटकले. प्रोकिपची टोपी तिसऱ्या दिवशी खुंटीवरून काढली. भिंतीवर तिथे फिकट गोल उरला.

लग्नात ती काळा रुमाल बांधून चर्चमध्ये मागे, डाव्या खांबाजवळ उभी राहिली. तिथे विधवा उभ्या राहतात. ओदोकिया होतीच, ऐंशीची झाली होती, वाकली होती. बायकांनी वळून रुमाल पाहिला, मग नवरीचा गळा, मग पुन्हा रुमाल. 

ओरिस्या समोरून गेली तेव्हा मानेवर, वेणीच्या खाली, तो गुंता दिसला.

"कुणाची गं गाठ?" ओदोकियाने न वळता विचारलं.

"वासिलिनाची."

"आणि ओवलं?"

"मी."

म्हातारीने थोडं सरकून खांबाशी तिच्यासाठी जागा केली.

हाफियाची बोटं ती गाठ सोडून पुन्हा मारायला शिवशिवत होती. तिने हात खिशात घातला. खिशात मेणाचा खडा राहिला होता. तो मुठीत हळूहळू मऊ होत गेला.