चंचलची स्टिक आणि धानाची थप्पी

मी एक जुनी हॉकी स्टिक आहे. मित्रांनो, माझ्या अंगावरचा सोनेरी रंग पाहून फसू नका. तो मला कुठल्या पराक्रमाबद्दल मिळालेला नाही. लोखंडी गेटला लावून उरलेला डबा होता, तो आमच्या गावच्या थोर मंडळींनी माझ्यावर संपवला.

माझा जन्म पंजाबातला, तुतीच्या लाकडातून. कारागिराने माझी मान वाकवली, एक बाजू सपाट केली आणि दुसरी गोल ठेवली. अकरा बहिणींसोबत पोत्यात बसून मी आमगावजवळच्या एका शाळेत आले. तिथे लीलाधर सर मुलींना हॉकी शिकवत. पोरींनी अर्धी चड्डी घालून धावणे गावाला मुळीच पसंत नव्हते. नापसंती दाखवायला लोक रोज येत आणि सराव संपेपर्यंत कुंपणाशी उभे राहत.

मी आले चंचल पटलेच्या वाट्याला. ती सहावीत होती आणि डावखुरी होती. हॉकीत डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नसते आणि गोल बाजूने चेंडू मारणे नियमात बसत नाही. चंचल नेमकी तीच चूक करायची.

"काऊन वो, उलट्या बाजूनं कायले मारतेस?" सर ओरडायचे.

"सर, हात तिकडंच जाते."

सरांनी तिचा हात बदलला नाही. मला मनगटात फिरवून सपाट बाजू पुढे आणायला त्यांनी तिला शिकवले. वर्षभर ती माझ्यासह खडकाळ मैदानावर घासत होती. माझ्या कडा झिजल्या, तिच्या ढोपरांची साले निघाली. पुढे हाच उलटा फटका घेऊन ती क्रीडा वसतिगृहात गेली, मग राज्याच्या संघात आणि एकविसाव्या वर्षी भारताच्या संघात. निळ्या टर्फवर आता लाकडी स्टिक कोणी वापरत नाही म्हणून मी मागे, सरांकडे राहिले. सर तिचे सामने मोबाइलवर पाहत तेव्हा मी कोपऱ्यातून ऐकायची. तिने परदेशात पहिला गोल केला, तेव्हा सर एकटेच टाळ्या वाजवत बसले होते. मला फार आनंद झाला होता.

गावाला ती आठवली पेपरात फोटो आल्यावर. धान खरेदी संस्थेचे अध्यक्ष इंदरलालजी यांनी सत्कार ठेवला. भाषणात ते म्हणाले, "या पोरीनं बॅटच्या जोरावर गावाचं नाव रोशन केलं!" एकालाही हसू आले नाही. चंचलने एकच मागणे मागितले. मुलींचे मैदान मोकळे ठेवा. इंदरलालजींनी माइकवरून वचन दिले आणि मैदानाकडे पाहण्याऐवजी मला ताब्यात घेतले. मला रंग फासला आणि संस्थेच्या कार्यालयात फळीवर दोन स्क्रूंनी आवळून टाकले. तेही सपाट बाजू आत, गोल बाजू बाहेर. खाली पाटी लावली, 'विश्वविजेती'. चंचल विश्वविजेती कधीच नव्हती, पण या लोकांना विचारतो कोण?

खिडकीतून मला मैदान दिसायचे. पहिल्या वर्षी कडेला धानाची शंभर पोती आली. "आठ दिवसांत उचलतो," असे इंदरलालजी म्हणाले. दुसऱ्या वर्षी थप्पी मैदानाच्या मध्यापर्यंत सरकली. मुलींना उरली एक पट्टी. सरांनी थप्पीवर खडूने दोन रेघा ओढून गोल आखला होता. रिंकी नावाची मुलगी बांबूच्या वाकड्या बुडख्याने खेळायची, कारण शाळेच्या स्टिक मोडल्या होत्या. निवड चाचणी पंधरा दिवसांवर आली होती आणि धावायला जागा नव्हती.

अशात यंदा चंचलचा पुन्हा सत्कार ठरला. मांडव घातला तो नेमका त्या उरलेल्या पट्टीवर. शोभा म्हणून मला फळीसकट स्टेजवर मांडले. चंचलने मांडव पाहिला, थप्पी पाहिली, कडेला उभ्या मुली पाहिल्या. तिने शाल घेतली नाही.

"सर, पेचकस आहे का?"

"काऊन बेटा?" इंदरलालजी दचकले. "शोभेची चीज आहे ते."

"शोभा झाली आता, काका."

सरांनी पेचकस आणून स्क्रू काढले. किती वर्षांनी तिचे हात माझ्या मुठीवर आले! ती खाली उतरली, पाहुण्यांना खुर्च्या मागे घ्यायला लावल्या आणि रिंकीला चेंडू टाकायला सांगितला. मनगट फिरले. चेंडू दोन रेघांच्या मधोमध गेला आणि कुजलेले बारदान फाटले. धान भळाभळा वाहू लागले. चंचलने दुसरा चेंडू मागितला.

"बंद करो! धान सांडून राहिला ना!" इंदरलालजी धोतर सावरत थप्पीकडे सुटले. इतक्या वर्षांत त्या मैदानावर ते पहिल्यांदाच धावले.

"पोरी रोज इथंच मारतीन, काका," चंचल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आले आणि संध्याकाळपर्यंत मैदान रिकामे झाले. मुलींची कीव आली म्हणून नाही, धानाची आली म्हणून. मी या माणसांना ओळखून आहे.

चंचल शिबिराला परत गेली. जाताना तिने मला रिंकीच्या हातात दिले. आता रोज माझा रंग थोडा थोडा निघतो आहे आणि मला त्याचे जराही दुःख नाही. मित्रांनो, तुमच्या गावात एखादी स्टिक भिंतीवर टांगलेली दिसली, तर तिला हार घालू नका, तिच्यावरची धूळही पुसू नका. तिला खाली काढा आणि ज्या मुलीकडे स्टिक नाही तिला देऊन टाका.