नऊ फेऱ्यांचं स्टूल

मी एक स्टूल बोलतोय. साधंसुधं नाही, फिरतं. बसायची गोल फळी एका बाजूला फिरवली की मळसूत्रावरून वर चढणारं, दुसऱ्या बाजूला फिरवली की खाली उतरणारं.

एकोणीसशे साठ साली कसबा पेठेतल्या दादामियाँ सुतारांनी मला घडवलं. श्रीधर डॉक्टर आणि जैनब डॉक्टरीणबाई यांनी पेठेत दोघांत मिळून एक दवाखाना थाटला होता. सकाळी डॉक्टर बसायचे, संध्याकाळी बाई. खोली एवढीशी, की दोन स्टुलं ठेवली तर पेशंटने उभं कुठे राहायचं हा प्रश्न. त्यातून डॉक्टर ताडमाड आणि बाई ठेंगण्या.

"दोघांना चालेल असं एकच करा," डॉक्टर म्हणाले.

"त्यात काय अवघड? तुमच्या नि बाईंच्या उंचीत नऊ फेऱ्यांचा फरक. मोजून देतो," दादामियाँ म्हणाले.

पहिल्याच आठवड्यात एक पद्धत पडून गेली. उठून जाणाऱ्याने मला येणाऱ्याच्या उंचीला लावून जायचं. कुणी सांगितलं नव्हतं, ठरवलं नव्हतं. दोघांची गाठ क्वचितच पडे, पण ते नऊ फेरे कधी चुकले नाहीत. बाई तर मला वर चढवून झाल्यावर फळी पदराने पुसत. लाकूड असलो तरी एवढं मला कळायचं.

पानशेतच्या पुरानंतर टोचून घ्यायला लोकांची रांग लागली, तेव्हा दोघंही दिवसभर कामाला होती.

"बसा ना, बाई."

"आपण बसा, डॉक्टर. सकाळपासून उभे आहात."

या आग्रहापायी आठ दिवस कुणीच बसलं नाही. मी रिकामा होतो आणि आयुष्यात तेवढा सुखात पुन्हा कधी नव्हतो.

त्यानंतर डॉक्टर दवाखाना जरा लवकर उघडू लागले. दार लोटून, रिकाम्या खोलीत मला सांगून बघत, "बाई, आपल्याशी लग्नाविषयी बोलायचं होतं." माझ्यासमोर वाक्य बिनचूक यायचं. असं दोन वर्षं चाललं होतं.

मग एका दुपारी बाई अवेळीच आल्या. पलीकडे कंपाउंडर गेनबा मिक्श्चरच्या बाटल्या विसळत होता.

"सोलापूरच्या इस्पितळातून पत्र आलंय. नोकरीचं," बाई म्हणाल्या.

"वा. जागा चांगली आहे."

"मग जाऊ मी?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. अहो, बोला आता, असं मला ओरडावंसं वाटत होतं.

"संध्याकाळचे पेशंट मी बघेन," ते म्हणाले. "त्याची काळजी करू नका."

त्या संध्याकाळी बाईंनी शेवटचा पेशंट तपासला, बॅग उचलली आणि मला न फिरवताच निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर बसले ते थेट खालीच. गुडघे टेबलाच्या खणाला आपटले. उठून त्यांनी फळीवर हात ठेवला, मी वर चढायला तयार झालो, पण त्यांनी हात काढून घेतला आणि तसेच परत बसले.

पुढची तेहतीस वर्षं ते तसेच बसले. लग्न केलं नाही. "उकिडवं बसू नका, गुडघे जातील," असं पेशंटना बजावायचे आणि स्वतः गुडघे छातीशी घेऊन बसायचे. "आधी स्वतःचं बघा की," असं तोंडावर सांगणारे पेशंटही पेठेत कमी नव्हते. डॉक्टर नुसतं हसायचे. मी त्यांचं एवढं वजन पेललं, पण दुपारच्या रिकाम्या वेळी त्या खोलीत जे एकटेपण बसून असायचं, ते मला पेलवत नसे.

डॉक्टर गेल्याची बातमी पेपरात वाचून बाई आल्या. केस पांढरे झाले होते. माझ्यावर बसल्या, तर पाय सहज जमिनीला टेकले.

"गेनबा, हे खाली कुणी घेतलं?"

"तुमीच की. जाताना तसंच ठिवून गेलासा. मी एकडाव त्याल घालून वर घेतलं, तर डॉक्टरांनी मोजून नऊ फेरं पुन्ना खाली आणलं. कुनाला हात लावू दिला न्हाई."

बाई म्हणाल्या, "मी रागावून गेले होते, गेनबा."

उठल्या, वाकल्या आणि दोन्ही हातांनी मला फिरवायला लागल्या. प्रत्येक फेऱ्याला दम लागत होता, पण नऊ पुरे केले. मग पदराने फळी पुसली.

गेनबाने मला हिंजवडीला आपल्या घरी आणलं. तेव्हा इथे ज्वारी होती, आता काचेच्या इमारती आहेत. गेनबाही गेला. त्याची नातसून मैना घरूनच कॉम्प्युटरवर काम करते. मी तिला उंच पडतो. रविवारी मला खाली घेणार, असं काल नवऱ्याला सांगत होती.

घे बाई मैना. स्टूल बसण्यासाठीच असतं. फक्त काम संपवून उठलीस की मला नऊ फेरे वर चढवून ठेवत जा. येणारं कुणी नाही, हे मला ठाऊक आहे. पण आमच्या दवाखान्यात तशी पद्धत होती.