मांजरासाठी थोडं

त्या उन्हाळ्यात स्वयंपाकघर असं तापलं, की घड्याळाचे दोन्ही काटे मऊ पडून साडेसहावर लोंबकळले ते तिथेच राहिले. भिंतीवरची पाल दोन-दोन पाय आळीपाळीने टेकत चालायची. यात काडीचंही खोटं नाही; पालीला विचारा.

सुनेला मात्र दोन्ही पाय टेकूनच तिथे राबावं लागे. वर पत्रा, खिडकी तळहाताएवढी, आणि खोलीची किल्ली सासूबाईंच्या कमरेला.

"आई, उन्हाळा सरेपर्यंत अंगणात रांधू या," ती एकदा घाम निथळत म्हणाली. "तुमच्या लेकाने शेगडी केलीय ना!"

"अंगणात होते ती सहल. जेवण चार भिंतींत होतं," सासूबाई म्हणाल्या. पण सुनेचं लालबुंद तोंड बघून जरा विरघळल्या. "बरं, रविवारी कर. मी दुसऱ्यांदा वाढ म्हटलं, तर उन्हाळाभर किल्ली तुझी, रांध हवं तिथे. नाही म्हटलं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

सतरा वर्षांत सासूबाईंनी कशालाही दुसऱ्यांदा 'वाढ' म्हटलेलं सुनेनं ऐकलं नव्हतं. स्वतःच्या लग्नाच्या पंगतीतही म्हणे त्या पहिल्या घासाला 'पुरे' म्हणाल्या होत्या.

नवरा वेल्डर. वॉशिंग मशीनच्या जुन्या ड्रमला त्याने तीन पाय जोडले होते, वर जाळी बसवली होती. ड्रमच्या भोकांतून वारा असा खेळायचा, की निखारे फुलताच शेजारीण ओले कपडे वाळवायला कुंपणाशी हजर.

रविवारी सुनेनं राखेत बटाटे पुरले. कोंबडीच्या तंगड्या लिंबू, मिरी नि तेलात मुरत ठेवल्या. काकडी किसून दह्यात घातली, वर ठेचलेला लसूण आणि पुदिना. कणसं सोलली. मग लाल ढोबळ्या मिरच्या नि टोमॅटो जाळीवर मांडून नवऱ्याला म्हणाली, "अहो, मी मीठ-तेल घेऊन येते. जरा डाग पडले की काढा हं."

ती वळली आणि त्याच्या डोळ्यांत धूर गेला. त्याने सवयीने वेल्डिंगचा मुखवटा चढवला. त्या काचेतून भर दुपारचा सूर्यही सुकल्या लिंबाएवढा दिसतो, तिथे मिरचीचे डाग काय दिसणार!

सून परतली तेव्हा जाळीवर डझनभर कोळसे होते.

"अहो! हे काय केलंत?"

"थांब गं, अजून कुठे तापल्यात? तापलं की लाल दिसायला नको का?"

"ते लोखंड! आधी तो मुखवटा काढा!"

त्याने काढला. जाळीकडे बघितलं. "मी जरा दुकानात जाऊन येतो," म्हणाला.

"आज रविवार आहे. दुकान बंद. इथेच उभे राहा."

तिकडे सासूबाई ताट मांडीवर घेऊन खुर्चीत बसल्याही होत्या. कमरेची किल्ली उगाच वाजवत होत्या. सुनेनं रडकुंडीला येऊन एका कोळशावर नख मारलं. वरचं काळं साल सुटलं, आणि आत लोण्यासारखा मऊ, लालभडक गर! तिने सगळंच पातेल्यात टाकून झाकण ठेवलं, वाफ धरू दिली, साली ओढून काढल्या. लसूण, तेल, व्हिनेगरचे चार थेंब, मीठ, चिमूटभर तिखट घालून घोटलं. त्या धुरकट सॉसचा वास असा सुटला, की दोन गल्ल्यांपलीकडचा न्हावी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच टाकून कुंपणावर येऊन टेकला. मागोमाग साबण लावलेलं गिऱ्हाईकही आलं.

सासूबाईंनी भाजलेली तंगडी वाटीतल्या सॉसमध्ये बुडवली. चावली. कणीस बुडवलं. बटाटा बुडवला. वाटी कोरडी झाली.

"मांजरासाठी थोडं वाढ," सासूबाई म्हणाल्या.

मांजर खुर्चीखालीच होतं. सुनेनं वाटी भरली. मांजराने हुंगलं, शिंकलं आणि थेट भिंतीवर जाऊन बसलं. जरा वेळाने वाटी पुन्हा कोरडी.

"मांजरासाठी आणखी थोडं."

"आई, मांजर भिंतीवर आहे," लेक म्हणाला.

"तू गप बस. तुला काचेशिवाय तरी काय दिसतंय?"

चौथी वाटी भरताना सुनेनं हळूच विचारलं, "आई, मांजराला दह्याचंही देऊ का?"

सासूबाईंनी भिंतीकडे बघितलं. मांजर पाठ करून पंजा चाटत होतं. "दे म्हणतंय," त्या म्हणाल्या.

"पण आई, तुम्ही काही दुसऱ्यांदा वाढ म्हणाला नाहीत," सून हिरमुसून म्हणाली.

"मी कुठे म्हणाले? मुळीच नाही." त्यांनी ओठाच्या कडेचा लाल थेंब टिपला, कमरेची किल्ली सोडली आणि सुनेच्या हातात ठेवली. "पण त्या खोलीत मांजराला फार उकडतं गं. उन्हाळाभर कुलूपच लाव. मुक्या जिवाचे हाल मला बघवत नाहीत."